गाण्यानंतरचा प्रवास

मराठवाड्यातून हैदराबादला जाणाऱ्या माणसाने शक्यतो काचीगुड्याला उतरावं. सिकंदराबादचं स्टेशन मोठं आहे, सोयीचंही आहे. पण निजामाच्या रेल्वेने १९१६ साली बांधलेली काचीगुड्याची घुमटांची इमारत पाहिली की आपण कोणत्या शहरात आलो आहोत ते लगेच कळतं. मी नांदेडला पहाटेच्या आधी गाडीत बसले होते. बासरच्या पुलावर उजाडलं तेव्हा डब्यातल्या बायका खिडकीशी सरकल्या, गोदावरीत नाणी टाकून त्यांनी हात जोडले. पुढे निजामाबाद, कामारेड्डी करत गाडी दख्खनच्या मोठमोठ्या शिळांमधून शहराकडे निघाली. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंतचा हा लोहमार्ग १९०० सालच्या आसपास पडला. त्यानंतरच्या अर्ध्या शतकात औरंगाबाद, परभणी, नांदेडकडच्या मुलांना पदवीपर्यंत शिकायचं असेल तर याच मार्गाने राजधानी गाठावी लागे.

मी आले होते दोन कारणांनी. भाची अमीरपेठेत राहते, तिचा अलीकडचा काळ वाईट गेला होता; तिला भेटायचं होतं. आणि वंदे मातरम् चळवळीच्या जागा पाहायच्या होत्या. मराठवाड्यात दर १७ सप्टेंबरला निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाची भाषणं होतात. त्यांत या चळवळीचा उल्लेख हमखास येतो: १९३८ साली विद्यार्थ्यांनी वसतिगृहात गाणं म्हटलं, म्हणून त्यांना काढून टाकलं. इथे वाक्य संपतं आणि वक्ता निजामाच्या बाजूच्या रझाकारांकडे वळतो. मला नेहमी वाटायचं, की काढून टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलांनी काय केलं असेल? ट्रंक घेऊन स्टेशनवर आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने तिकीट कुठलं काढलं असेल?

काचीगुड्याहून लोकल पकडली. विद्यानगर, जामिया उस्मानिया आणि मग ‘आर्ट्स कॉलेज’ नावाचंच स्टेशन. तिथून चालत गेलं की उस्मानिया विद्यापीठाच्या आर्ट्स कॉलेजची गुलाबी ग्रॅनाइटची इमारत समोर उभी राहते. बेल्जियन वास्तुकार अर्नेस्ट जॅस्परच्या आराखड्यावरून ती उभी राहिली. दर्शनी कमान इतकी उंच आहे, की तिच्याखाली उभ्या असलेल्या माणसाकडे दुरून आपलं लक्षच जात नाही. जवळ गेल्यावर मात्र खांब ओळखीचे वाटू लागतात, कारण त्यांच्यावर अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची छाया आहे. मी एका खांबावर हात ठेवला. दगड उन्हाने तापलेला होता. वर घासून गुळगुळीत केलेला, खाली पायाशी छिन्नीचे टवके तसेच राहिलेले. पायऱ्यांवर मुलं-मुली बसली होती. कोणाच्या मांडीवर झेरॉक्सचा गठ्ठा, कोणी डोळे मिटून पाठांतर करतंय. शेजारच्या मुलीला विचारलं, “कसली तयारी?” ती म्हणाली, “ग्रुप टू, आंटी. पिछली बार थोडे में रह गया.” आणि पुन्हा वाचायला लागली.

या इमारतीची कोनशिला १९३४ साली बसली आणि उद्घाटन झालं डिसेंबर १९३९ मध्ये. म्हणजे १९३८ च्या अखेरीस ज्या मुलांना विद्यापीठाने बाहेर काढलं, त्यांच्या डोळ्यांसमोर हिचं बांधकाम चाललेलं होतं.

त्या मुलांचं इथवर येणंही सोपं नव्हतं. उस्मानिया १९१८ साली सुरू झालं ते उर्दू माध्यमात. देशी भाषेत विज्ञान, कायदा, वैद्यक शिकवायचं, त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं काढायचं, हा प्रयोग मोठाच होता आणि त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण हैदराबाद संस्थानातल्या बहुसंख्य मुलांची घरची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड. परभणीकडच्या एखाद्या मुलाने घरी मराठीत हिशेब शिकायचा, राजधानीत तेच गणित उर्दूत सोडवायचं, आणि तरी पहिल्या वर्गाची उमेद धरायची. संस्थानभर सभाबंदीची सावली होती. १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमाने परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. खासगी शाळा काढायलाही सरकारची मंजुरी लागे. १९३८ च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती स्थापन होण्याआधीच बंदी आली.

अशा हवेत नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणू लागली. पाठोपाठ उस्मानियाच्या वसतिगृहातही तेच सुरू झालं. बंदीचा हुकूम आला. मुलांनी तो मानला नाही. आधी वसतिगृह सुटलं, मग वर्ग सुटले. राजधानीत आणि जिल्ह्याच्या गावांत मिळून शेकडो मुलं बाहेर पडली. परत यायचं असेल तर माफी मागा, पुन्हा असं करणार नाही अशी लेखी हमी द्या, असं त्यांना सांगण्यात आलं.

वसतिगृहांच्या बाजूला गेले. फाटकावरच्या चाचांनी विचारलं, “किसकू मिलना है अम्मा?” मी म्हटलं, “किसी को नहीं, बस देखना है.” “हौ, देखो ना,” म्हणाले आणि खुर्चीवर बसून राहिले. दोरीवर टॉवेल वाळत होते, कुठल्याशा खोलीतून क्रिकेटची कॉमेंट्री येत होती. माझ्या मनात तो हमीचा कागदच घोळत राहिला. गाणं म्हणताना सगळे बरोबर असतात. शेजारच्याचा आवाज आपल्याला धीर देतो. हमीचा कागद मात्र प्रत्येकाच्या पुढ्यात वेगळा येतो. घरून वडिलांचं पत्र आलेलं असतं, जमीन गहाण पडलेली असते, धाकट्या बहिणीचं लग्न ठरत असतं. त्या कागदावर सही करायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आणि सही केली नाही, तर त्यापुढचा प्रश्न अधिक अवघड: आता शिक्षणाचं काय?

त्या प्रश्नाचं उत्तर नागपूरहून आलं. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालेलं, मध्य प्रांतातलं, निजामाच्या हद्दीबाहेरचं. तेव्हाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना प्रवेश द्यायची तयारी दाखवली. काझीपेठहून बल्लारशाहकडे जाणारा लोहमार्ग १९२९ पर्यंत पुरा झाला होता, त्यामुळे नागपूरची वाट मोकळी होती. मुलं नागपूरला गेली, जबलपूरला गेली. तिथे शिकवणं इंग्रजीत. उर्दूत पाठ केलेल्या साऱ्या संज्ञा बाजूला ठेवून नव्या भाषेत पहिल्यापासून सुरुवात करायची, खानावळीचा हिशेब जुळवायचा, आणि वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही. भाषणांत जिथे वाक्य संपतं, तिथून पुढे हे सगळं घडलं आहे.

या मुलांमध्ये वारंगळकडचा एक सतरा वर्षांचा मुलगा होता, पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. त्यांच्या अधिकृत परिचयात उस्मानिया, मुंबई आणि नागपूर अशी तीन विद्यापीठं दिसतात. मुंबई विद्यापीठ म्हणजे पुण्याचं फर्ग्युसन, आणि नागपूरची कायद्याची पदवी. वाचणाऱ्याला वाटावं, की हौशी विद्यार्थी दिसतो, गावोगाव शिकला. प्रत्यक्षात त्या तीन नावांच्या मध्ये वसतिगृहातलं ते गाणं आहे. या वणवणीत त्यांनी मराठी इतकी आपलीशी केली, की पुढे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. १९४७-४८ मध्ये ते चांद्याच्या सीमेवर मुक्तिसंग्रामाच्या शिबिरात होते. १९५२ ची पहिली लोकसभा निवडणूक हरले, १९५७ साली विधानसभेवर निवडून आले. १९८४ आणि १९८९ साली आपल्या रामटेकने त्यांना लोकसभेत पाठवलं आणि १९९१ साली ते पंतप्रधान झाले.

दुपारी सुलतान बाजारात गेले. वरून मेट्रो धावते, खाली साड्यांची आणि बांगड्यांची दुकानं, दोन्हींच्या मध्ये गर्दी. हा भाग पूर्वी ब्रिटिश रेसिडेन्सीच्या अखत्यारीत होता, १९३३ साली तो निजामाकडे परत गेला. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाची पहिली तुकडी गोविंदराव नानलांच्या नेतृत्वाखाली याच परिसरात पुढे झाली. मुलांनी वसतिगृहात गाणं म्हटलं ते याच दिवसांत. जवळच जांबागेत विवेकवर्धिनी आहे. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०७ साली ही शाळा सुरू केली, आणि या शहरात मराठी मुलांना शिकायला हक्काची जागा मिळाली. शाळा सुटायची वेळ होती. दप्तरं सावरत मुलं बाहेर येत होती, एका वाक्यात तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी मिसळत. त्यांत अधूनमधून एखादी मराठी हाकही ऐकू आली.

संध्याकाळी अमीरपेठ. मैत्रीवनमच्या आजूबाजूला संगणकाच्या क्लासेसच्या पाट्यांनी भिंती झाकून गेल्या आहेत. लातूर, नांदेड, आदिलाबाद, गुलबर्गा, कुठकुठली मुलं इथल्या हॉस्टेलांत खाटेच्या भाड्याने राहतात. भाचीला एका कंपनीचं नेमणूकपत्र आलं होतं. घरी पेढे वाटून झाले, आणि रुजू होण्याची तारीख पुढे जात जात शेवटी पत्रच रद्द झालं. टपरीवर चहा घेत मी तिला दिवसभराची हकिकत सांगितली. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, “मावशी, ज्यांनी हमी लिहून दिली, ते भित्रे होते असं म्हणायचं का?”

“नाही गं,” मी म्हटलं. “प्रत्येकाच्या घरी नागपूरला पाठवण्याइतके पैसे नव्हते. कोणाकडे आई एकटी असेल. ज्याला जेवढं शक्य होतं, त्यातून त्याने निवडलं.”

“मग ज्यांनी दिली नाही, त्यांचं मोठेपण कशात?”

“दुसऱ्या दिवशीही शिकायचंच म्हणाले, त्यात.”

ती जरा वेळ गप्प राहिली. “पत्र रद्द झालं ते माझ्या हातात नव्हतं,” ती म्हणाली. “टेस्टिंगचा कोर्स अर्धा राहिलाय, तो आहे. हॉस्टेलवालीने सकाळच्या नाश्त्याचा हिशेब ठेवायचं काम देऊ केलंय, खाटेचं भाडं त्यातून सुटेल. बाबांना सांग ना, अजून थोडे महिने इथेच राहते म्हणून.” मी तिच्यासमोरच भाऊजींना फोन लावला. बोलली मात्र तीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बेगमपेठेत स्वामी रामानंद तीर्थांच्या स्मारकाला गेलो. स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३, सिंदगीचा. ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत काम करताना आजाराने गाठलं आणि ते काम सुटलं. मग त्यांनी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुलं शिकवायला घेतली, पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत. १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंगवास झाला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सुलतान बाजारात तिरंगा फडकवला म्हणून पुन्हा अटक झाली, आणि अखेरची सुटका हैदराबादवरच्या पोलीस कारवाईनंतर, सप्टेंबर १९४८ मध्ये. त्यानंतर त्यांना हवं ते पद मिळालं असतं. त्यांनी शिक्षणाचं काम सोडलं नाही. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं त्यामागे तेच होते. मी त्याच कॉलेजात शिकले. पदवीसाठी मला गाव सोडावं लागलं नाही, परकी लिपी शिकावी लागली नाही, कोणाच्या हमीच्या कागदावर सही करावी लागली नाही. समाधीसमोर उभं राहून हे भाचीला सांगताना माझा आवाज जड झाला, आणि तो झाला याचं मला बरं वाटलं.

परतीच्या आधी नेकलेस रोडवर नरसिंह रावांच्या ‘ज्ञानभूमी’ला जाऊन आलो. हुसेनसागरावरून वारा येत होता. भाचीने फलकावरचं नाव वाचलं आणि विचारलं, “केदारांचं स्मारक कुठे असेल गं मावशी?”

तिच्या या प्रश्नाने मला दिवसभर पुरेल एवढा विचार दिला. आपण नेहमी पडूनही उठणाऱ्याची गोष्ट सांगतो, आणि ती सांगायलाच हवी. ज्याचं वर्ष गेलं, नोकरी गेली, त्याने पुढचा अर्ज भरायचा की नाही हे त्याच्याशिवाय दुसरं कोणी ठरवू शकत नाही. पण त्या मुलांनी ठरवलेलं तडीला गेलं, कारण दुसऱ्या गावातल्या एका कुलगुरूंनीही काहीतरी ठरवलं होतं. संस्थानाशी वाकडं कशाला घ्या, असं म्हणून त्यांना अर्ज बाजूला ठेवता आले असते. त्यांनी ते घेतले. हॉस्टेलवालीने माझ्या भाचीला हिशेबाची वही दिली, तीही तिची निवडच. आपल्यातल्या प्रत्येकाच्या हाती कधी ना कधी एखादा प्रवेशअर्ज येतो, एखादी रिकामी जागा असते, एखाद्या सहीचा अधिकार असतो. समोर कोणीतरी सगळं गमावून, तरी शिकायचंच म्हणत उभं असतं. त्या वेळी आपण काय निवडतो, यावर त्याच्या निवडीचं भवितव्य ठरतं. म्हणून निदान माझ्या टेबलावर आलेला असा अर्ज आता पडून राहणार नाही, एवढं मी ठरवून टाकलं आहे.