टॉप गिअरचा हिशेब

महाडच्या गॅरेजात येणाऱ्या गिऱ्हाइकांची एक ठाम समजूत असते: टॉप टाकला की अ‍ॅव्हरेज मिळते. ‘मिस्त्री, पोलादपूरपर्यंत पाचवा सोडत नाही, तरी गाडी डिझेल पिते. इंजेक्टर काढून बघा.’ मी इंजेक्टरला हात लावत नाही. आधी शेजारच्या सीटवर बसतो आणि म्हणतो, ‘चला दादा, एक फेरी मारू.’ बऱ्याचदा पाना हातात घ्यायची वेळच येत नाही.

हिशेब बाळबोध आहे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर. मध्यम गाडीच्या टायरचा घेर १.९ मीटर धरा. चाक मिनिटाला सातशे फेरे घेते. पाचवा गिअर आणि क्राऊन-पिनियन यांचा मिळून गुणक तीन असेल, तर इंजिनाचे फेरे होतात २१००. चौथ्यात गुणक चारच्या आसपास जातो, फेरे २८००. क्लच घसरत नसेल तर यात ड्रायव्हरच्या हुशारीला जागा नाही. वेग आणि गिअर ठरले की फेरे ठरले. हौसेने मोठे टायर चढवले तर तेवढ्याच वेगाला इंजिन हळू फिरते, ओढ कमी होते आणि वर मीटरही खरा वेग आहे त्यापेक्षा कमी दाखवतो.

कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला गिअर चारच होते आणि शेवटचा सरळ एकास एक. फेरे कमी करण्याचे सगळे काम मागच्या डिफरन्शियलवर, तेही चारपटीच्या वर. त्यामुळे ८० ला तिचे इंजिन तीन हजारांच्या घरात गुणगुणायचे. तेव्हाच्या सतरा नंबरच्या मुंबई-गोवा हायवेवर ८० चा वेग फार वेळ टिकतच नव्हता. वळण, चढ, समोरून ट्रक. त्या रस्त्याला ते गिअर शोभत होते. आज हाच रस्ता ६६ नंबरचा आणि बराचसा चौपदरी झाला आहे. सपाटीवर, एका लयीत, तासभर धावायचे तर पाचवा गिअर हवाच. कमी फेऱ्यांत घर्षण कमी, आवाज कमी, डिझेलही कमी.

पण फेरे कमी करताना ओढही कमी होते, हे आमचा दादा विसरतो. एके काळी बऱ्याच गाड्यांत बसलेले १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. त्याची सगळ्यात जास्त ओढ, १९० न्यूटन-मीटर, २००० फेऱ्यांना मिळते. पाचव्यात ८० ला ते नेमके तिथेच असते, म्हणून गाडी हलकी वाटते. पुढे मालाचा ट्रक आला, वेग ६० वर आला, की फेरे १६०० च्या खाली. टर्बो अजून जागा झालेला नाही. दादा गिअर न बदलता रेस दाबतो; इंजिन घरघरते, स्टिअरिंग थरथरते, डिझेल भरपूर जाते आणि गाडी सरकत नाही. डोक्यावर ओझे घेऊन चढणारा माणूस लांब ढांगा टाकत नाही, हे त्याला शिकवावे लागत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र शिकवावे लागते.

कशेडी घाटात हे शिक्षण आपोआप व्हायचे. वळणावळणाला तिसरा, कधी दुसरा. चुकलात तर गाडी जागीच धापा टाकायची. २०२३ च्या गणपतीत कशेडीच्या जुळ्या बोगद्यांपैकी पहिला खुला झाला आणि दोनएक किलोमीटरमध्ये घाट संपला. सोय मोठी झाली. पण रुंद, गुळगुळीत रस्त्यावर चढ डोळ्यांना दिसत नाही. इंजिनाला तो जाणवतो, ड्रायव्हरला नाही. पोलादपूर सोडून बोगद्याकडे जाताना पाचव्यात रडणाऱ्या गाड्या मला म्हणूनच जास्त भेटतात.

आंबेनळीने महाबळेश्वरहून उतरणाऱ्यांची गोष्ट उलटी. डिझेल वाचावे म्हणून ते न्यूट्रल मारतात. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून रेस सोडली की इंधन बंद होते. चाकेच इंजिन फिरवतात आणि इंजिन गाडीला मागे धरते. न्यूट्रलला इंजिन सुरू राहायला डिझेल लागतेच, शिवाय सगळा भार ब्रेकवर. तापलेल्या ब्रेकचा वास घेऊन पोलादपुरात पोचलेल्या गाडीने वाचवलेले काहीच नसते.

आणखी एक खर्च गिअरच्या हातात नसतो. ८० वरून १०० वर गेलात की हवा कापायला लागणारी शक्ती जवळपास दुप्पट होते. तिथे सहावा गिअर असला तरी फेरे उतरतील, हवा उतरणार नाही.

म्हणून फेरी संपताना मी गिऱ्हाइकाला आकडा सांगत नाही, कारण आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा. एवढेच सांगतो: उजवा पाय बघा. थोडा आणखी दाबल्यावर गाडी लगेच उचलत असेल तर गिअर बरोबर आहे. पाय खोल गेला आणि वेग तिथेच राहिला, तर एक गिअर उतरवा. फेरे वाढतील, आवाज वाढेल, त्याला घाबरू नका. २८०० फेऱ्यांनी इंजिन झिजत नाही. १३०० ला कोंडून ओढायला लावले, तर त्याचे बिल माझ्या हातून येते.