कुत्र्याच्या वेळेने किनारा

कुत्र्याला घेऊन एकट्याने व्हॅनमधून किनाऱ्याने फिरायचं म्हटलं की बहुतेकांचं लक्ष आधी गाडीकडे जातं: झोपायची फळी कशी बसवायची, पंखा कशावर चालवायचा. हे सगळं शिकता येतं. खरं कसब लागतं ते थांबे निवडायला. सोबत दुसरं माणूस असलं की एकाने जेवून यावं, दुसऱ्याने कुत्र्यापाशी बसावं. एकट्याला ती सोय नसते. खानावळ, औषधाचं दुकान, शौचालय, प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न उभा राहतो: त्याला बंद गाडीत ठेवायचं का? दिवसाउजेडी तरी नाही, असंच माझं उत्तर आहे. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी चढतं आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग निववतो. कोकणातल्या दमट हवेत जिभेवरचा ओलावा लवकर सुकत नाही, त्यामुळे तो उपायही लंगडा पडतो.

म्हणूनच मला राष्ट्रीय महामार्ग ६६ पेक्षा रेवसहून रेडीकडे जाणारा सागरी रस्ता या प्रवासाला योग्य वाटतो. महामार्गावर थांबणं आपल्या मनावर असतं आणि एकटा चालक ते पुढे ढकलत राहतो. किनाऱ्याने जाताना खाड्याच थांबवतात. आगरदांडा ते दिघी, वेसवी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटी गाडीसकट पलीकडे नेतात. धक्क्यावर इंजिन बंद होतं, चालकाचे हात मोकळे होतात, कुत्र्याला पाणी पाजून सावलीत फिरवता येतं. तिथे पट्टा मात्र आखूड धरावा. जाळ्यातून टाकून दिलेल्या मासळीत केंड मासा असू शकतो आणि त्याचं विष कुत्र्याचा जीव घेतं.

दिवसाची आखणीही समुद्राकडे पाहूनच करावी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथे फार उपयोगी पडतो. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी भर दुपारी आणि मध्यरात्री. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या सुमारास येते, आणि पाणी सकाळ-संध्याकाळी दूरवर हटतं. कुत्र्याला नेमकी तीच वेळ मानवते. ओली, घट्ट पुळण पायाला गार लागते. दुपारी मात्र कोरड्या वाळूने तळवे पोळतात. सुट्टी आपल्या हातात असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या मध्ये धरूनच निघावं. रजेचा अर्ज पंचांग पाहून करण्यात काहीच वावगं नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढं जपायचं तर त्याला घरी का ठेवू नये? काही कुत्र्यांच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. पगसारखी चपट्या नाकाची, म्हातारी, गाडीत ओकणारी कुत्री घरीच ठेवावीत. त्यांना नेणं ही आपली हौस असते. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि कुत्री ती उकरतात. त्यामुळे हिवाळ्यापासून पिल्लं समुद्रात जाईपर्यंत पुळण निर्मनुष्य दिसली तरी पट्टा सोडू नये. ज्याला कुत्रा मोकळा धावायलाच हवा आहे, त्याने या दिवसांत ते किनारे टाळावेत. तिसरा मुद्दा पुलांचा. खाड्यांवर पूल झाले की बोटीची वाट पाहायला नको. आजाऱ्याला घेऊन पलीकडच्या इस्पितळात धावणाऱ्या गावकऱ्याला पूल हवाच, आपल्या निवांतपणासाठी त्याने का ताटकळावं? पुलावरून जाणाऱ्याने आपले थांबे आपणच ठरवावेत, एवढंच.

निघण्याआधी रेबीज आणि लेप्टोच्या लसी पूर्ण करा, गोचिडांचं औषध लावून घ्या, आणि वाटेवरच्या प्रत्येक तालुक्यातला पशुवैद्यकीय दवाखाना वेळेसह कागदावर लिहून गाडीत लावा. खाडीकाठी मोबाइलला रेंज असेलच असं नाही.