डोळ्यांचा हिशेब

चित्रकलेशी माझा संबंध शाळेतच सुटला होता. तो पुन्हा जडला आमच्या सोलापुरातल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत. रुक्ष आकडे कोण वाचणार, म्हणून मी, चिटणीस या नात्याने, थकबाकीचे चित्रच काढले. आदल्या वर्षी २ लाख, त्या वर्षी ४. एक पैशाची थैली काढली आणि शेजारी तिच्या दुप्पट उंच, दुप्पट रुंद अशी दुसरी. वर तिला लालभडक रंग फासला!

सभेने आकडे पाहिलेच नाहीत. "अहो, चौपट झाली की!" मागून कोणी ओरडले आणि गलका उसळला. खजिनदार पापभीरू गृहस्थ. त्यांनी कपाटाच्या किल्ल्या मुकाट्याने माझ्यापुढे ठेवल्या आणि ते निघून गेले.

रात्री शेजारचे अण्णा आले. त्यांचा जन्म पूर्व भागात चादरीची डिझाइने काढण्यात गेलेला. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचे आणि त्यावरून जकार्डचे पत्ते टोचायचे. चित्र पाहून ते म्हणाले, "उंची दुप्पट, रुंदी दुप्पट, म्हणजे घरं चौपट भरली. तुम्ही आकडा उंचीत सांगितलात, लोकांनी जागेत वाचला. त्यांचं काय चुकलं? आणि हा लाल! याच्या शेजारी राखाडी सूत टाका, हिरवट दिसेल. सूत तेच, शेजार बदलला."

पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यातही काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार होती. शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाला आढळले, की दोष रंगात नाही, शेजारच्या रंगात आहे. १८३९ साली त्याने त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे १९८४ मध्ये क्लीव्हलंड आणि मॅकगिल या अमेरिकन संशोधकांनी प्रयोगांनी दाखवले, की एकाच पट्टीवर मांडलेल्या मापांची तुलना डोळा सर्वांत अचूक करतो. क्षेत्रफळाशी मात्र तो फसतो. अण्णांनी यांतले काही वाचले नव्हते.

त्यांनी माझ्याकडून नवे चित्र काढवून घेतले: शून्यापासून निघालेले, सारख्याच रुंदीचे, एकाच रंगाचे दोन उभे पट्टे. एक प्रत फलकावर लावली आणि दुसरी घेऊन आम्ही खजिनदारांकडे गेलो. मी आधी माफी मागितली.

त्यांनी चष्मा पुसून पट्टे बोटाने मोजले.

"दुप्पट मात्र झाली आहे खरी," ते म्हणाले. "वसुली करायला हवी."

मी किल्ल्या पुढे केल्या.