टोलपडल : गाव कोणाचे, आठवण कोणाची?

1830 साली चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने भारतातील खेड्यांना छोटी-छोटी प्रजासत्ताके म्हटले. आपल्याकडच्या शिकलेल्या वर्गाला ते वर्णन इतके आवडले की पुढची शंभर वर्षे तो तेच घोकत राहिला. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी मेटकाफचे नाव घेऊन या भ्रमाचा समाचार घेतला. हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. पण आम्ही समाजशास्त्र शिकत असताना एक प्रश्न आम्हाला छळत असे. मेटकाफच्या स्वतःच्या देशातली खेडी तेव्हा कशी होती?

त्याच 1830 साली दक्षिण इंग्लंडमधले शेतमजूर पेटून उठले होते. हिवाळ्यातली मजुरी बुडवणारी मळणी यंत्रे त्यांनी फोडली. सरकारने 19 जणांना फासावर चढवले आणि सुमारे 500 जणांना समुद्रापार धाडले. आणि चारच वर्षांनी डॉर्सेट परगण्यातल्या एका चिमुकल्या खेड्याने इंग्लंडच्या ग्रामजीवनाचा उरलासुरला बुरखाही फाडला. त्या खेड्याचे नाव टोलपडल.

पिडल नावाच्या लहानशा नदीकाठी वसलेले हे गाव. अकराव्या शतकात टोला नावाच्या एका सरदाराच्या विधवेकडे ही जमीन होती. तिने ती ॲबट्सबरीच्या मठाला दान दिली. टोला आणि नदी मिळून गावाचे नाव झाले. म्हणजे नावातच मालकी आहे! जमीन सरदाराची, मग मठाची, मग जमीनदारांची. ती कसणाऱ्याचे नाव कुठेच नाही. आपल्या देशातल्या गावांचे सातबारे ज्यांनी चाळले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

1830 च्या दशकात इथल्या शेतमजुराला आठवड्याला 9 शिलिंग मिळत. आसपास 10 मिळत होते. मजुरांनी तेवढेच मागितले. झाले उलटेच. मजुरी 8 वर आली, मग 7 वर, आणि पुढे 6 च मिळतील असे सांगण्यात आले. जॉर्ज लव्हलेस हे मजुरांपैकीच एक, मेथडिस्ट पंथाचे प्रवचनकार. त्यांनी लिहून ठेवले आहे की मालकांनी दराचा शब्द दिला तेव्हा गावचा पाद्री साक्षीला होता, आणि मालक फिरले तेव्हा तोही फिरला.

मग 1833 च्या शरद ऋतूत थॉमस स्टँडफील्ड यांच्या घराच्या माडीवर मजुरांनी संघटना बांधली. डोळ्यांवर पट्टी बांधून सभासदाला शपथ दिली जाई. कामगार संघटना तेव्हा कायद्याने गुन्हा नव्हती. 1824 सालीच ती बंदी उठली होती. मग पकडायचे कसे? स्थानिक जमीनदार आणि दंडाधिकारी जेम्स फ्रॅम्प्टन याने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्नला पत्र लिहिले आणि तोड निघाली. आरमारातले बंड मोडण्यासाठी 1797 साली गुप्त शपथांविरुद्ध एक कायदा झाला होता. तो या मजुरांवर लावला गेला. संघटना कायदेशीर, शपथ मात्र बेकायदा! कायदा एका कारणासाठी करायचा आणि वापरायचा दुसऱ्याच माणसांवर, ही युक्ती किती जुनी आहे ते इथे दिसते.

24 फेब्रुवारी 1834 ला सहा जणांना अटक झाली. जॉर्ज व जेम्स लव्हलेस हे भाऊ, थॉमस व जॉन स्टँडफील्ड हे बाप-लेक, जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राइन. मार्चमध्ये डॉर्चेस्टरच्या कोर्टाने त्यांना 7 वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. मागे राहिलेल्या बायकापोरांना गावच्या गरीब-निधीतूनही मदत नाकारण्यात आली. ही त्या गावाची 'गावकी'. इथे जात नव्हती, पण जमीनदार, न्यायाधीश आणि धर्मगुरू एकाच बाजूला उभे होते.

सुटका गावाने केली नाही. 21 एप्रिल 1834 ला लंडनमध्ये कामगारांचा प्रचंड मोर्चा निघाला. दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. मार्च 1836 मध्ये माफी मिळाली, आणि पुढच्या तीन वर्षांत सहाही जण परतले. पाच जण काही वर्षांनी कॅनडात स्थायिक झाले. टोलपडलला कायमचे परतले ते एकटे हॅमेट. ऑस्ट्रेलियात आपण एका पौंडाला विकले गेलो, असे ते सांगत. म्हातारपणी दृष्टी गेली आणि 1891 साली डॉर्चेस्टरच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवण्याच्या जागी, त्यांचा अंत झाला. दफनाच्या वेळी कोणी संघटनेचे भाषण करू नये म्हणून जमीनदार थडग्याजवळ उभा होता, असे सांगतात. मेलेल्या मजुराचीही भीती वाटावी, यातच संघटनेची ताकद आली!

आज टोलपडल काहीशे वस्तीचे शांत गाव आहे. 1999 पासून मोठा रस्ताही गावाबाहेरून जातो. पण दर जुलैमध्ये हजारो कामगार आपापल्या संघटनांचे झेंडे घेऊन तिथे जमतात, मिरवणूक काढतात, हॅमेट यांच्या थडग्यावर फुले वाहतात. त्या थडग्यावर आज जो दगड आहे तो 1934 सालचा, मृत्यूनंतर 43 वर्षांनी बसवलेला. त्याच वर्षी ब्रिटनच्या कामगार संघटनांच्या महासंघाने गावात सहा घरे बांधली, निवृत्त शेतमजुरांना राहण्यासाठी. त्यातच संग्रहालय आहे. ज्या सिकॅमोर झाडाखाली हे मजूर जमत, ते झाडही जपले आहे. स्मारक म्हणून नुसता पुतळा नव्हे, म्हाताऱ्या मजुराला छप्पर! आमचे आजोबा सालगडी होते. काम थांबले त्या दिवशी मालकाच्या गोठ्याशेजारची त्यांची खोलीही गेली. म्हणून आम्हाला हे स्मारक सगळ्यांत शहाणे वाटते.

तरीही आम्ही टोलपडलचे आंधळे कौतुक करणार नाही. मजुरांना जिथे पाठवले ती ऑस्ट्रेलियाची भूमी मूलनिवासींकडून हिसकावलेली होती. जिथे पाच कुटुंबे स्थिरावली ती कॅनडाची भूमीही मूळची तिथल्या आदिवासींची. दुसरे, समुद्र ओलांडताच या मजुरांचा भूतकाळ मागे राहिला. तिथे ते जमीन घेऊन शेतकरी झाले. वर्ग असा मागे टाकता येतो. जात येते का? ती व्हिसा न घेता विमानात बसते. म्हणूनच जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच मांडून ठेवले. टोलपडलच्या सहा जणांना एका माडीवर, एका शपथेत बसता आले. आपल्या गावात मजुरी सारखी असूनही मजूर एका माडीवर बसत नाहीत. आधी ती भिंत पाडावी लागते.

मग तरुणांनी यातून काय घ्यायचे? 'आमचा गाव' म्हणून गळा काढणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा : गावात मजुरी कोण ठरवतो, आणि मजुराच्या थडग्याशी कोण पहारा देतो? टोलपडलचे नाव आज जगाला माहीत आहे ते तिथल्या हिरव्या कुरणांमुळे नाही. संघटित माणसांनी शंभर वर्षांनंतरही आपली माणसे विसरायला नकार दिला म्हणून. आपल्या वस्तीतल्या ज्या सालगड्याने, ज्या बाईने पहिल्यांदा मालकाला 'नाही' म्हटले, तिचे नाव, साल, मजुरीचा आकडा आजच वहीत लिहून घ्या. गावकी तो लिहिणार नाही. तो आपल्यालाच लिहावा लागेल.

जय भीम!