बोलणारी कळ

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहावयाचे म्हटले की वसतिगृहाची पहाटेची घंटा, पंगतीतील पिठले-भाकरी आणि गुरुजनांची शिस्त यांच्या आठवणी दाटून येतात. त्यांविषयी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे अनेक जण आहेत. मी लिहिणार आहे ते एका लहानशा वस्तूविषयी, टंकलेखनाच्या कळीविषयी. माझ्या घरची चूल आजवर तिच्याच आधारावर पेटत आली आहे.

दहावीची परीक्षा संपताच अधीक्षक सरांनी आम्हा काही मुलांना चांदवडच्या बसस्थानकाजवळील टंकलेखन वर्गात पाठवले. शेतमजुराच्या मुलाला नोकरीचे दार उघडायचे तर हाती एखादे प्रमाणपत्र हवे, हा त्यांचा रोखठोक विचार. लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठीत ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागत असे.

वर्गातील यंत्रे गोदरेजची होती. भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र याच कंपनीने १९५५ साली तयार केले. कळ दाबली की पोलादी कांडी उसळून कागदावर आदळे. दोन कळा एकदम दाबल्या गेल्या तर कांड्या एकमेकींत अडकत. ओळ संपत आली की घंटी वाजे. मात्रा-अनुस्वारासारख्या काही कळा दाबल्यावर गाडा पुढे सरकत नसे. अक्षर उमटले की नाही, हे कागदाकडे न पाहताही कळत असे, कारण यंत्र प्रत्येक आघाताला उत्तर देत असे. आमचे शिक्षक मागून येऊन मनगटाखाली तळहात धरीत आणि म्हणत, “डोळे मजकुरावर, कान यंत्रावर आणि मनगट सरळ.”

पुढे मला सरकारी कार्यालयात नोकरी लागली. काही वर्षांनी टंकलेखन यंत्रे गेली आणि संगणक आले. नवा कळफलक सपाट, मऊ आणि मुका होता. कळ नेमकी केव्हा लागू झाली हे बोटांना उमगत नसे, म्हणून मी प्रत्येक कळ जुन्याच जोराने तळापर्यंत ठोकत राहिलो. अनेक वर्षे असेच चालले. मग उजव्या मनगटात कळ उठू लागली. रात्री बोटांना मुंग्या येत आणि सकाळी चहाचा कप धरवत नसे. मनगटातील नस दबली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. निवृत्तीला आठ वर्षे होती. धाकट्याचे शिक्षण बाकी होते. ज्याचा हात हीच ज्याची पदवी, त्याने हात दुखतो हे कोणाला सांगावे? मी कोणालाच सांगितले नाही.

ओळखले ते लेकीने. ती पुण्यात संगणक अभियंता आहे. तिने प्रथम यांत्रिक स्विचांचा, टकटक वाजणारा कळफलक आणला. त्याची कळ चार मिलिमीटर खाली जाते. पण दोनच मिलिमीटरवर ‘टक्’ असा आवाज होतो आणि अक्षर उमटते. त्यामुळे तळापर्यंत ठोकण्याचे कारण उरत नाही. तो आवाज ऐकून मला बसस्थानकाजवळची ती खोली आठवली. परंतु कळफलक उंच असल्याने मनगट वर वाकू लागले. कानाला उत्तर मिळाले, पण मनगट सरळ राहिले नाही.

“पप्पा, दोन्ही साधता येईल,” ती म्हणाली. पुढच्या सुट्टीत तिने स्वतः एक कळफलक जुळवला. त्यात कैल या चिनी कंपनीचे ‘चॉक’ नावाचे बुटके स्विच होते. त्यांची कळ तीनच मिलिमीटर खाली जाते आणि सुमारे दीड मिलिमीटरवर लागू होते. आत एक बारीक तार असते; ती सुटली की टक् असा आवाज होतो. वरच्या टोप्याही पातळ आहेत. नेहमीच्या टोप्या या स्विचांवर बसत नाहीत, म्हणून त्या वेगळ्या मागवाव्या लागल्या. त्यांवर देवनागरी अक्षरे नव्हती. पण जुन्या यंत्राची मांडणी माझ्या बोटांना पाठ होती आणि संगणकातही ती निवडता येते.

पहिले पंधरा दिवस चुका फार झाल्या. सपाट टोप्यांवर बोटांना आपली जागा सापडेना. शेजारच्या सहकाऱ्याला आवाज खुपला, म्हणून खाली जाड रबरी चटई अंथरली. हळूहळू ठोकण्याची सवय सुटली. या कळफलकाने दुखणे बरे केले, असे मी म्हणणार नाही. मनगटाचा पट्टा, विश्रांती आणि व्यायाम यांचाही त्यात वाटा आहे. पण कपाट उघडताना आता हात कचरत नाही आणि नोकरी चालू आहे.

आपल्या शाळेच्या संगणक कक्षातील मुलेही उद्या याच कळांवर पोट भरणार आहेत. त्यांना वेग शिकवला जाईलच. त्याआधी कोणीतरी त्यांच्या मनगटाखाली तळहात धरावा, एवढीच विनंती आहे. लेकीने जुळवलेला असाच आणखी एक कळफलक या लेखासोबत शाळेला पाठवीत आहे. आवाज होतो म्हणून तो कृपया कपाटात ठेवू नये.