फोडणीचा शिधा

‘तयार जेवण’ या प्रकारावर मराठी गृहिणीचा काडीचा विश्वास नाही. पाकिटावर ‘फक्त गरम करा’ असं छापलेलं दिसलं, की तिला तो स्वतःचा अपमान वाटतो.

आमचा भाचा फौजेत आहे. मागे एका जुलैत तो लोणावळ्याला आला. लोणावळ्याचा जुलै म्हणजे भाजीवाला चार-चार दिवस फिरकत नाही. घरात कांदे-बटाटे तेवढे. भाच्याने पिशवीतून फौजी पाकिटं काढली : उपमा, पुलाव, शिरा. म्हैसूरला 1961 साली सुरू झालेल्या संरक्षण खात्याच्या अन्न-प्रयोगशाळेने बसवलेली ही विद्या. पाकीट उकळत्या पाण्यात बुडवा, फाडा, खा. बर्फात बसलेल्या जवानाने आणखी काय करावं?

“मामी, हे असंच खायचं असतं.”

“असंच म्हणजे? फोडणीशिवाय?”

अर्ध्या तासात उपम्याचे वडे झाले, पुलावावर ओलं खोबरं पडलं आणि शिरा पोळीत शिरला.

“मामा, मामीला पलटणीत पाठवा!” भाचा म्हणाला.

“नको रे. शत्रूच्या आधी तुमचा क्वार्टरमास्टर शरण येईल.”

हसलो खरे, पण लढाईत शिधा असा पाकिटातून हाती येतोच असं नाही. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत गावी सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, तब्बल 145 दिवस! आत तीन मराठा पलटणी होत्या. शिध्यात बार्ली होती, पण दळायची कशावर? शेवटी जात्याचा दगड विमानातून पॅराशूटने टाकला. आमच्या आजीचं जातं माळ्यावरून खाली घ्यायचं तर चौघे लागतात. इथे ते आभाळातून उतरलं! भाजी म्हणून नदीकाठचं तण शिजवलं. पण आपल्या डोंगरातला टाकळा-कुर्डू ओळखणाऱ्या डोळ्यांना टायग्रिसकाठचं तण काय ओळखणार? त्यातलं काही विषारी निघालं. उरले घोडे. गोऱ्यांनी ते खाल्ले. आपल्या पुष्कळ शिपायांना धर्म आडवा आला. ‘चालेल’ म्हणून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंच्या परवानग्या मागवल्या. परवानगी तारेने येते, घास तारेने उतरत नाही. उपाशी पोटीही माणूस ‘असंच कसं खायचं?’ म्हणतो, तो असा.

म्हणून आमच्याकडे स्वयंपाकघरातून चर्रर्र आवाज आला आणि ठसका लागला, तरी मी तक्रार करत नाही. तेल आहे, मोहरी आहे, कढीपत्ता शेजाऱ्यांच्या परसात आहे, म्हणजे तूर्त शांतता आहे.