ओआहाकाच्या चुलीवर काळा मसाला

मेक्सिको सिटीहून ओआहाकाची बस धरली की पुएब्लाच्या पुढे, तेवाकानच्या बाजूला खांबांसारख्या उभ्या निवडुंगांनी भरलेले डोंगर लागतात. घाटातली ती तांबडी, कोरडी माती बघताना मला परकं वाटलं नाही. स्पॅनिश शिकायला मी ओआहाकात राहणार होते आणि उतरायची सोय एका कुटुंबात झाली होती. घरात सेन्योरा, त्यांची शाळकरी मुलगी आणि त्लाकोलुला खोऱ्यातल्या गावाहून आलेल्या, लेकीशी सापोतेक भाषेत बोलणाऱ्या आजी.

तिथलं मुख्य जेवण दुपारी दोन-तीनला. तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, मात्र तिन्ही त्रिकाळ. आजी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवत. सकाळी तो चोळून, साल काढून, स्वच्छ धुवायचा आणि ओलाच गिरणीत न्यायचा. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन अंगी लागतं. युरोपात मका गेला, ही रीत गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना नायसिनच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने गाठलं. इथे मात्र ही जाण पिढ्यान् पिढ्या स्वयंपाकघरातच आहे. शहरापासून जवळच गिला नाकित्स नावाच्या गुहेत सहा हजार वर्षांहून जुनी मक्याची कणसं सापडली आहेत. मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला युनेस्कोने २०१० साली वारशाचा मान दिला, तो आजींच्या हातांकडे बघितलं की पटतो.

ऑक्टोबर संपत आला तसा मृतांच्या दिवसासाठी घरात मोले नेग्रो या काळ्या रश्शाचा घाट सुरू झाला. चिलुआक्ले मिरच्या कोमाल नावाच्या मातीच्या तव्यावर काळ्या होईस्तोवर भाजल्या, त्यांच्या बिया तर पार कोळसा होईपर्यंत. मग तीळ, शेंगदाणे, लवंग, दालचिनी, एक करपवलेली तोर्तिया, शेवटी चॉकलेट. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, एकाची घाई दुसऱ्याला लावायची नाही. सगळ्या घराला ठसका लागला, खिडक्या उघडल्या. मी आतून माझी मसाल्याची पुडी आणली आणि आजींच्या तळहातावर चिमूटभर काळा मसाला ठेवला. त्यांनी हुंगला, जिभेवर टेकवला. "लवंग. दालचिनी. तीळ," त्या म्हणाल्या. मग पुडीत राहिलेला दगडफुलाचा एक तुकडा चिमटीत धरून बराच वेळ उलटसुलट बघत राहिल्या. "हे झाडावरचं आहे," त्यांनी ओळखलं. "उद्या चूल तुझी, मिहा." मिहा म्हणजे पोरी.

दुसऱ्या दिवशी बाजारातून लहान वांगी शोधून आणली. चिंच मिळाली, शंकूच्या आकाराच्या ढेपेत गूळ मिळाला, कोथिंबीर तर ढिगाने. शेंगदाणे, तीळ, खोबरं भाजून मी वाटण आजींच्या मेताते नावाच्या तीन पायांच्या उतरत्या दगडावर केलं. आपल्या पाट्यापेक्षा त्याची बैठक निराळी. उंच टोकाशी गुडघे टेकून बसायचं आणि सगळं वजन पुढे रेटायचं. आजींनी मागून माझे खांदे धरून तो रेटा शिकवला. वाटणाला तेल सुटलं तेव्हाच त्यांनी हात काढला.

भरली वांगी आम्ही तोर्तियांबरोबर खाल्ली. मुलीने दोनदा वाढून घेतली. मिरची, शेंगदाणा, पेरू, चिकू हे सगळं अमेरिका खंडातून आमच्याकडे आलं, मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून, असं मी सांगितल्यावर सेन्योरा इतकंच म्हणाल्या, "मग तुम्ही तिला चांगलं वागवलंत."

जेवणं झाल्यावर आजींनी विचारलं, "तुझ्या घरचं कोण गेलंय?" मी माझ्या आजीचं नाव सांगितलं. हा मसाला तिच्याच हिशेबाचा होता. मृतांसाठी मांडलेल्या ओफ्रेंदावर झेंडूच्या राशी होत्या. आपल्या दसऱ्याचा झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. १ नोव्हेंबरला तिथे लहान मुलांचे आत्मे येतात, २ तारखेला मोठ्यांचे, आणि त्यांना आवडीचं जेवण लागतं. मोलेच्या वाडग्याशेजारी आजींनी भरल्या वांग्यांचा वाडगा ठेवला आणि माझ्या आजीचं नाव दोनदा म्हणून नीट पाठ केलं. त्या क्षणी मला घरच्यांची जितकी आठवण आली, तितकीच या बाईंबद्दल माया दाटली. तोवर मी त्या घरात राहत होते, त्यानंतर त्या घरची झाले. माझं स्पॅनिशही त्यानंतर सुधारलं, कारण सेन्योरा माझ्याशी वर्गातल्या पाहुणीशी बोलावं तसं नव्हे, भाजी निवडायला बसलेल्या पोरीशी बोलावं तसं बोलू लागल्या.

परदेशात कुणाच्या घरी राहायला निघालात, तर शोभेच्या भेटवस्तू कमी न्या. भाजलेला, कोरडा मसाला घट्ट बांधून न्या, त्या देशाचे खाद्यपदार्थ आणण्याचे नियम आधी बघून घ्या, आणि पहिल्याच आठवड्यात एका दिवसासाठी त्यांची चूल मागा.